जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील तेल केव्हा बदलावे?

गोंदिया जिल्ह्यातील धानशेतीत ट्रॅक्टर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. वैनगंगा व बाघ या नद्यांच्या काठच्या गावांपासून देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीपर्यंत पुष्कळ ठिकाणी बांध्यांतील चिखलणी ट्रॅक्टरनेच होते. मात्र नवा ट्रॅक्टर घेणे हे लहान धारकाच्या आवाक्यातले काम नव्हे. त्यामुळे दुसऱ्याच्या हाताखाली काही वर्षे राबलेला ट्रॅक्टर विकत घ्यावा, स्वतःची रोवणी वेळेवर उरकावी आणि चार शेजाऱ्यांची चिखलणी भाड्याने करून हप्त्याचे पैसे उभे करावेत, असा हिशेब अनेक शेतकरी करतात. हिशेब चुकीचा नाही. परंतु असा ट्रॅक्टर घेताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, धुराचा रंग पाहिला जातो, चाकांच्या रबराची झीज आणि कागदपत्रे तपासली जातात. गिअरबॉक्समधील तेलाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते तेल नजरेआड असते, आणि ते बिघडले तरी ट्रॅक्टर पुढे बरेच दिवस चालत राहतो, ही त्याची दोन कारणे होत.

या तेलाविषयी गावोगावी दोन प्रकारचे सल्ले ऐकू येतात. एक मिस्त्री सांगतो की, जुना ट्रॅक्टर दारात येताच सारे तेल काढून टाकावे आणि आतून डिझेलने स्वच्छ धुऊन घ्यावे. दुसरा सांगतो की, जुन्या गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नये; लावला की गिअरबॉक्स मोडते. हे दोन्ही सल्ले सरसकट पाळण्याजोगे नाहीत. तेल बदलावयाचे की नाही, आणि बदलावयाचे तर धुवावयाचे की नाही, हे विकणाऱ्याच्या शब्दावरून किंवा तासमापकाच्या आकड्यावरून ठरत नाही. ते तेलाकडे पाहूनच ठरवावे लागते. आणि आपल्या भागात त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे चिखलणीचा हंगाम.

एकाच टाकीतील तेलाची तीन कामे

मोटारगाडीत गिअरबॉक्सचे तेल बहुधा केवळ दात्यांना वंगण देण्याचे काम करते. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत तसे नसते. गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, मागचा आस आणि हायड्रॉलिक लिफ्ट या सर्वांना एकाच मोठ्या पोकळीतील तेल पुरते. ज्या ट्रॅक्टरांना तेलात बुडालेले ब्रेक आहेत, त्यांत ब्रेकच्या चकत्याही त्याच तेलात फिरतात. म्हणजे एकच तेल दाते घासू देत नाही, अवजार उचलते आणि ब्रेक थंडही ठेवते. काही जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरांत लिफ्टचे तेल निराळे व ब्रेक कोरडे असत. आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम माहितीपुस्तिकेवरून जाणून घ्यावे. जुन्या ट्रॅक्टरबरोबर पुस्तिका मिळत नाही ही नेहमीची अडचण आहे. त्या कंपनीच्या विक्रेत्याकडे ट्रॅक्टरचा नमुना क्रमांक सांगितल्यास ती माहिती मिळू शकते.

या पोकळीत मावणारे तेल थोडेथोडके नसते. लहान ट्रॅक्टरला वीस-पंचवीस, मध्यमाला चाळीसच्या आसपास आणि काही मोठ्या ट्रॅक्टरांना पन्नास-साठ लिटरपर्यंत तेल लागते. चाळीस लिटर चांगले तेल घेऊ म्हटले तर दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक रक्कम एकदम मोडते. म्हणूनच शेतकरी हा खर्च पुढे ढकलतो. त्याला दोष देण्यापेक्षा हा खर्च नेमका केव्हा करावा आणि केव्हा करू नये हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

बांधीत पाणी कसे शिरते?

पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत दिलेली असते. ती अनेक ट्रॅक्टरांत हजार-बाराशे तासांची किंवा एक वर्षाची, यांपैकी जी आधी संपेल ती, अशी असते. हा नियम सर्वसाधारण कामासाठी केलेला आहे. नांगरट, पेरणी, ट्रॉलीची वाहतूक अशा कोरड्या कामांत तो ठीक चालतो. आपल्याकडील ट्रॅक्टर मात्र आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस पोटऱ्यांइतक्या चिखलात केजव्हील लावून फिरतो, आणि जेथे इटियाडोहाचे किंवा एखाद्या मामा तलावाचे पाणी मिळते तेथे उन्हाळी धानासाठी पौष-माघात पुन्हा एकदा तेच काम करतो. वर्षातून दोनदा पाण्यात उतरणाऱ्या यंत्राला कोरड्या रानाचा नियम जसाच्या तसा लावून चालत नाही.

पाणी आत शिरण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. चिखलणीत ट्रॅक्टर खालच्या गिअरात, भाराखाली, तासन्‌तास चालतो. त्यामुळे गिअरबॉक्सचे ओतीव कवच चांगलेच तापते. आतील तेल तापते, तसेच तेलावर असलेली हवाही तापून फुगते व ब्रीदर नावाच्या लहानशा छिद्रातून बाहेर जाते. नंतर तोच तापलेला ट्रॅक्टर खोल बांधीतील थंड पाण्यात उभा राहिला, अथवा काम संपताच नाल्यावर नेऊन धुतला, की कवच झपाट्याने थंड होते. आतील हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ही ओढ मागच्या आसाच्या ऑइल सीलवर येते. सील नवे असेल तर ते टिकाव धरते. झिजलेले असेल तर सीलच्या ओठाजवळ साचलेले चिखलपाणी आत खेचले जाते. दर दिवशी थोडे थोडे करीत एका हंगामात बरेच पाणी जमा होते. याखेरीज गिअरच्या दांड्याचे फाटलेले रबर, डिपस्टिकचे सैल टोपण आणि ब्रेकच्या जोडण्या या पाण्याच्या इतर वाटा होत. पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धुण्याची नवी पद्धतही याला हातभार लावते.

पाणथळ कामात सीलची कसोटी लागते ही गोष्ट तज्ज्ञांनाही मान्य आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची चाचणी घेताना तो चिखलणीतही चालविला जातो आणि नंतर त्याचे भाग उघडून कोठे पाणी व चिखल शिरला हे पाहिले जाते. ही चाचणी नव्या ट्रॅक्टरची असते. आठ-दहा वर्षे वापरलेल्या सीलकडून आपण किती अपेक्षा ठेवावी, हे यावरून ज्याचे त्याने ओळखावे.

पाणी मिसळलेल्या तेलाचे खरे नुकसान काम चालू असताना जितके होते, त्याहून अधिक ट्रॅक्टर उभा असताना होते. रोवणी संपली की भाद्रपदापासून धानाच्या कापणीपर्यंत अनेक ट्रॅक्टर अंगणात उभेच असतात. या काळात तेलातील पाणी बेअरिंगच्या गोळ्यांवर व दात्यांवर बसून राहते. त्या जागी गंजाचे बारीक ठिपके उठतात. कार्तिकात ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपला की हे ठिपके खवले होऊन सुटतात, आणि मग माघात ऐन उन्हाळी धानाच्या चिखलणीत गिअरबॉक्स आवाज करू लागते. शेतकरी म्हणतो, 'काल तर ठीक होता.' काल तो ठीक नव्हता. बिघाड चार महिन्यांपूर्वीच सुरू झाला होता.

बाटलीतील परीक्षा

तेलाची परीक्षा घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक स्वच्छ, कोरडी काचेची बाटली, जुने वर्तमानपत्र आणि तव्याचा एक तुकडा एवढे साहित्य पुरते.

ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवावा. लिफ्टचे हात खाली सोडावेत. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी खालचा ड्रेन प्लग अगदी सावकाश सैल करावा व पाव लिटर तेल बाटलीत घ्यावे. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे मोकळे पाणी असेल तर ते प्रथम बाहेर येते. धारेत निव्वळ पाणी आले तर परीक्षा तेथेच संपली. परंतु पाणी दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. ट्रॅक्टरच्या एकत्रित तेलात असे घटक मिसळलेले असतात की, थोडे पाणी तेलात विरून धरले जाते, ते खाली बसत नाही. असे तेल दुधाच्या चहासारखे दिसते. शंका वाटल्यास तवा गरम करून त्यावर या तेलाचा एक थेंब टाकावा. पाणी असेल तर तो थेंब फोडणीसारखा तडतडतो. कोरडे तेल मुकाट्याने पसरून धुमसते. चेहरा दूर ठेवावा व थेंब एकच असावा.

पुढे रंग व वास पाहावा. नवे तेल मधाच्या रंगाचे असते. वापराने ते तपकिरी होते, त्यात वावगे काही नाही. काळे पडलेले व करपट वास येणारे तेल हे फार तापल्याचे किंवा ब्रेकच्या चकत्या झिजत असल्याचे लक्षण होय. थोडे तेल दोन बोटांत चोळावे. रेतीसारखी कचकच लागली तर मातीच आत गेलेली आहे.

सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे ड्रेन प्लग. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर राखेसारखा मऊ, करडा लेप जमलेला असेल तर घाबरू नये; दाते एकमेकांवर चालले की एवढी झीज होतेच. लेपात सुईसारखे कण, चमकदार खवले अथवा दात्याचा तुकडा सापडला, तर मात्र प्रश्न तेलाचा राहिलेला नाही. पितळी रंगाचे कण चुंबकाला चिकटत नाहीत. ते तेल फडक्यातून गाळल्यावर दिसतात, आणि आतील वॉशर किंवा तत्सम पितळी भाग झिजत असल्याचे सांगतात. अशा वेळी चाळीस लिटर नवे तेल ओतणे म्हणजे गळक्या मडक्यात पाणी भरणे होय. प्रथम गिअरबॉक्स उघडून पाहावी, पैसे त्यासाठी राखून ठेवावेत.

ही परीक्षा सौदा ठरण्यापूर्वी करता आली तर फारच उत्तम. ड्रेन प्लग सैल करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून ट्रॅक्टर घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. तेल दुधाळ निघाले म्हणून सौदा मोडण्याचेही कारण नाही. दोनदा तेल भरण्याचा आणि सील बसविण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागावा. विकण्यापूर्वी गिअरबॉक्समध्ये मुद्दाम फार दाट तेल भरून आवाज दाबून टाकण्याची युक्ती काही लोक करतात. म्हणून ट्रॅक्टर थंड असताना ऐकून समाधान मानू नये. अर्धा तास चालवून, तेल तापून पातळ झाल्यावर प्रत्येक गिअरात आवाज ऐकावा, आणि उतारावर गिअर आपोआप निसटतो काय तेही पाहावे.

'तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेली'

या समजुतीचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण तेल बदलण्याचे टाळतात. ही भीती मुख्यतः आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारगाड्यांमधून आलेली दिसते. त्या गाड्यांत तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गाडीत त्या झिजून गेलेल्या असतात, आणि यंत्राने जोर देऊन आतील मळ धुतला तर तो अरुंद वाटांमध्ये जाऊन अडकण्याचा धोका असतो. म्हणून तशा गाडीत जोराने धुण्याऐवजी साधे तेल बदलावे, असा सावध सल्ला दिला जातो. आपल्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांत गिअर दांड्याने बदलतात आणि लोखंडी दाते एकमेकांत बसतात. मळकट तेलामुळे हे दाते टिकून असतात असे मुळीच नाही. नवे तेल घातल्यावर आवाज वाढला किंवा गळती दिसू लागली, तर त्याचा अर्थ इतकाच की दाट, घाणेरड्या तेलाने जे झाकले होते ते आता उघड झाले. ज्याने शेवटच्या घटकेला तेल बदलले त्याच्याच हातून गिअरबॉक्स गेली असे वाटते. वास्तविक ती आधीच गेलेली असते.

धुवावे की दोनदा बदलावे?

डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, असे निक्षून सांगावेसे वाटते. डिझेल आत ओतून ट्रॅक्टर चालविला की दाते व बेअरिंगे यांवरील तेलाचा पातळ पडदा धुऊन जातो आणि काही मिनिटे लोखंड लोखंडावर घासते. हायड्रॉलिक पंपाचे वंगणही तेच तेल असल्याने त्या पंपावर सर्वांत वाईट परिणाम होतो. शिवाय तळाशी निपचित बसलेला गाळ डिझेलने सुटतो व लिफ्टच्या जाळीत अडकतो. आणि सगळे डिझेल काही बाहेर निघत नाही. कानाकोपऱ्यांत राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते.

मग मळ कसा जावयाचा? येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. तेल कितीही नीट काढले तरी मागच्या आसाच्या घरांत, लिफ्टच्या सिलिंडरात व नळ्यांत काही भाग उरतोच. समजा, तो दहावा हिस्सा आहे. एकदा तेल बदलल्यावर आतील जुन्या घाणेरड्या तेलाचे प्रमाण दहांत एक राहील. थोडे काम करून पुन्हा बदलले तर ते शंभरांत एक होईल. म्हणजे दोनदा बदलणे हेच उत्तम धुणे होय. पहिल्या वेळी त्याच जातीचे, पुस्तिकेतील प्रमाणास उतरणारे, पण त्यातल्या त्यात स्वस्त तेल भरावे; ते हलक्या कामावर सुमारे चाळीस-पन्नास तास वापरावे; मग काढून चांगले तेल भरावे. दोन्ही वेळा जाळी व फिल्टर यांची काळजी घ्यावी.

असे दोनदा बदलणे प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरला लागत नाही. तेल दुधाळ निघाले, त्यात माती आढळली, किंवा आधीच्या मालकाने भलत्याच जातीचे तेल भरल्याची खात्री पटली, तरच तो खर्च करावा. दुधाळ तेल निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये पहिले तेल पन्नास तास ठेवण्याचीही गरज नाही. भार न घालता अर्धा तास चालवून, लिफ्ट वर-खाली करून ते काढून टाकले तरी चालते, कारण पाणी बाहेर काढणे हा तेथे मुख्य हेतू असतो. तेल नुसते तपकिरी व जुने असेल, वास व कण यांत दोष नसेल, तर एकदाच बदलणे पुरे.

एक क्रम मात्र मोडू नये. पाणी सापडले असेल तर प्रथम ते कोठून आले हे शोधावे, सील, रबर, ब्रीदर दुरुस्त करावे आणि मगच नवे तेल भरावे. सील तसेच ठेवून तेल बदलणारा शेतकरी पुढच्या चिखलणीनंतर पुन्हा तोच खर्च करीत असतो.

धानाच्या पंचांगाप्रमाणे तेलाची वेळ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुना ट्रॅक्टर बहुधा चैत्र-वैशाखात, पावसाळ्याच्या तोंडावर घेतला जातो. घेतल्याबरोबर तेल बदलावे काय?

बाटलीतील तेल दुधाळ, करपट किंवा भलत्या जातीचे असेल तर होय, ताबडतोब. रोहिणी नक्षत्राची वाटही पाहू नये. परंतु तेल कोरडे व निर्दोष दिसत असेल तर ते बदलण्याची घाई करू नये. पातळी बरोबर करावी, सील व ब्रीदर तपासावेत, जाळी साफ करावी आणि त्याच तेलावर चिखलणी होऊ द्यावी. नवे तेल ज्येष्ठात भरले आणि पुनर्वसू-पुष्याच्या चिखलणीत त्यात पाणी शिरले, तर दहा हजारांचे नवे तेल दोन महिन्यांत निकामी होते आणि भाद्रपदात पुन्हा खर्च येतो. जवळ एकदाच तेल भरण्याइतके पैसे असतील तर ते रोवणी संपल्यावर, ट्रॅक्टर उभा राहण्यापूर्वी खर्च करावेत. त्या वेळी शिरलेले पाणीही तेलाबरोबर निघून जाते आणि पुढील दोन महिने बेअरिंगे कोरड्या, स्वच्छ तेलात राहतात. पुस्तिकेतील तास पूर्ण झालेले नसले तरी चालेल. उलट, रोवणीनंतर घेतलेल्या नमुन्यात तेल कोरडे निघाले, तर पुस्तिकेच्या मुदतीपर्यंत ते निर्धास्त वापरावे. उन्हाळी धानाची चिखलणी करणाऱ्यांनी फाल्गुनात हीच परीक्षा पुन्हा करावी.

चिखलणी चालू असताना डिपस्टिकवरील तेल रोज सकाळी पाहावे. पातळी आपोआप वाढलेली आढळली तर आनंद मानू नये. तेल वाढत नसते, पाणीच आत येत असते. तेल चहासारखे झालेले दिसले तरी रोवणी अर्ध्यावर सोडता येत नाही, हे खरे आहे. पऱ्हे तीन-चार आठवड्यांच्या वयाचे असतानाच लागले पाहिजेत. ते वाफ्यातच जून झाले की फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. ट्रॅक्टर आठ दिवस मिस्त्रीकडे पडला तर एकाच घरची नव्हे, ज्यांना शब्द दिला त्या चार घरांचीही रोवणी मागे पडते. अशा वेळी रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा ठेवून सकाळी प्लग सैल करून बसलेले पाणी काढावे, तेवढेच तेल वर भरावे आणि काम उरकावे. रोवणी संपताच मात्र एक दिवसही न दवडता सर्व तेल काढून टाकावे. बैलजोडी घरी असेल तर खोल बांध्या तिच्याकडे सोपवाव्यात आणि ट्रॅक्टर उथळ बांध्यांत चालवावा.

ज्या ट्रॅक्टरचा तासमापक बंद आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरांत तो बहुधा बंदच असतो, तेथे डिझेलवरून तास मोजावेत. मध्यम शक्तीचा ट्रॅक्टर साधारण कामात तासाला चारएक लिटर डिझेल खातो असे धरले, तर चार हजार लिटर डिझेल म्हणजे हजार तास होतात. हा आकडा ठोकळ आहे, पण बंद पडलेल्या काट्यापेक्षा पुष्कळच भरवशाचा आहे.

तेलाची निवड

तेल घेताना 'गिअर ऑइल द्या' एवढेच सांगून भागत नाही. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला त्यासाठीच बनविलेले एकत्रित ट्रॅक्टर तेल लागते. त्यात साधे नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरले तर दात्यांचे काही बिघडणार नाही कदाचित, पण ब्रेक घसरतील किंवा थरथरतील, आणि हिवाळ्याच्या पहाटे लिफ्ट आळशीपणे उठेल. धानाने भरलेली ट्रॉली घेऊन राइस मिलकडे जाताना उतारावर ब्रेक घसरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. उलट, जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत नव्वद नंबरच सांगितले असेल तर तेच भरावे.

नव्वद हा आकडा चाळीसपेक्षा मोठा, म्हणून ते तेल दुपटीहून दाट, असाही एक गैरसमज आहे. गिअर ऑइल व इंजिन ऑइल यांच्या दाटपणाचे आकडे दोन निराळ्या मापांवरचे आहेत. नव्वद नंबरचे गिअर ऑइल हे चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलच्या जवळपास दाट असते. आवाज येतो म्हणून एकशे चाळीस नंबर भरावे, ही सूचना तर पूर्वी सांगितलेल्या झाकण्याच्या युक्तीपैकीच होय. दोन जातींची तेले एकत्र करू नयेत. डबा सीलबंद घ्यावा व पावती घ्यावी.

प्रत्यक्ष काम

तेल काढण्यापूर्वी ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करावे, म्हणजे गाळासह ते नीट वाहते. फार तापलेले तेल हात भाजते, हे विसरू नये. चाकांना ओंडके लावावेत; केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली जाऊ नये. ड्रेन प्लग एकच असतो असे नाही. गिअरबॉक्स, क्राऊनचे घर आणि दोन्ही बाजूंचे आस यांना निरनिराळे प्लग असू शकतात. ते सर्व उघडल्याखेरीज तेल पुरते निघत नाही. तेल निथळण्यास तासभर द्यावा. लिफ्टची जाळी डिझेलने ब्रशने धुऊन वाळवून बसवावी, कारण ती बाहेर काढलेली असते व तिला डिझेलचे भय नाही. कागदी फिल्टर असेल तर नवाच घालावा. ब्रीदर काढून फुंकून मोकळा करावा. चुंबक पुसून प्लग घट्ट बसवावेत व वॉशर नवे वापरावेत. तेल भरून झाल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, लिफ्ट काही वेळा वर-खाली करावी, नंतर थांबून पातळी पुन्हा पाहावी. खुणेच्या वर तेल भरणे हितकारक नाही. जादा तेलाला फेस येतो व ते तापते.

काम संपवून ट्रॅक्टर धुवावयाचा असेल तर तो तासभर निवू द्यावा. एवढ्या एका सवयीने सीलवरील ओढ पुष्कळ कमी होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या सभेत चार बाटल्या मांडून दाखवाव्यात: नवे तेल, वापरलेले पण चांगले तेल, दुधाळ तेल आणि कण असलेले तेल. तव्यावरील थेंबाचा प्रयोग समोर करून दाखवावा. व्याख्यानापेक्षा तो तडतड आवाज अधिक लक्षात राहतो. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना आपापला नमुना घेऊन यावयास सांगावे. बाटलीवर गावाचे व ट्रॅक्टरचे नाव, तेल केव्हा भरले त्याची तारीख व नंतर जळालेले डिझेल यांची चिठ्ठी असावी. मालकानेही हीच नोंद एका वहीत ठेवावी. पुढे ट्रॅक्टर विकावयाची वेळ आली तर ती वही आणि तेलाच्या पावत्या खरेदीदारापुढे ठेवता येतात.

काढलेल्या तेलाची विल्हेवाट हा शेवटचा मुद्दा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते बोडीत, नाल्यात किंवा धुऱ्यावर ओतू नये; पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि त्याच पाण्यावर गुरे, मासे व धान जगतात. जनावरांच्या जखमेला ते लावण्याची रीतही बंद व्हावी. रिकाम्या डब्यांत भरून, झाकण लावून, अधिकृतपणे जुने तेल गोळा करणाऱ्याकडे किंवा ते पुढे पाठविणाऱ्या मोठ्या गॅरेजकडे द्यावे. पाणी मिसळलेले तेल निराळ्या डब्यात ठेवून तसे डब्यावर लिहावे.